खिडकी उघडली की उतरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतो: खोलीतला कार्बन डायऑक्साइड आणि नेमकं अडतं कुठे

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. सकाळी कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर ५०० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५०० भाग) दिसतात, अकराच्या सुमारास १२००, दुपारी १८००. खोलीत जड वाटू लागतं, लोक जांभया देऊ लागतात, कुणीतरी उठून खिडकी उघडतं. दहा-पंधरा मिनिटांत आकडा खाली येतो आणि विषय तिथेच मिटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मधल्या काळात सीलिंग फॅनचा वेग वाढवून झालेला असतो, एसीचे फिल्टर धुऊन झालेले असतात, कोपऱ्यात कुंड्या आलेल्या असतात, एखादा एअर प्युरिफायरही घेतलेला असतो. आकड्यावर कशाचाच परिणाम होत नाही.

होणारही नाही. सीलिंग फॅन आतलीच हवा फिरवतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा ओढून, थंड करून परत आत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळ्यांतून रेफ्रिजरंट वाहतो, हवा नाही. प्युरिफायरचा हेपा फिल्टर धूळ आणि सूक्ष्म कण अडवतो, कार्बन डायऑक्साइड त्यातून आरपार जातो. चार कुंड्यांतली झाडं माणसांच्या श्वासापुढे नगण्य वायू शोषतात आणि रात्री उलट थोडा सोडतात. बसून काम करणारा एक प्रौढ माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो कमी करायचा व्यवहार्य मार्ग एकच, आतली हवा बाहेर जाणं आणि बाहेरची आत येणं. आकडा रोज चढत असेल तर या ये-जा करण्यात कुठेतरी अडलंय, किंवा मीटर चुकीचं दाखवतोय. एका वेळच्या आकड्यावरून यातलं काय आहे ते कळत नाही. ग्राफवरून कळतं. म्हणून रीडिंग साठवून ठेवणारा मीटर घ्या, आणि निदान आठवडाभराचा ग्राफ समोर आल्याशिवाय पंखे-डक्टला हात लावू नका.

आधी मीटरवर संशय घ्या

स्वस्तातल्या काही मीटरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर नसतोच. आत तापवलेल्या मेटल ऑक्साइडचा एक छोटा तुकडा असतो, तो हवेतल्या सेंद्रिय वाफा ओळखतो आणि त्यावरून ‘अंदाजे कार्बन डायऑक्साइड’ काढून दाखवतो. सीसीएस८११ आणि एसजीपी३० हे या जातीचे सेन्सर. माणसांच्या अंगातून आणि श्वासातून अशा वाफाही निघतात, त्यामुळे आकडा कधी कधी खरा वाटतो. पण सॅनिटायझर हाताला चोळला, परफ्यूम मारला, फरशी पुसली की तो एकदम हजाराच्या पलीकडे उडी मारतो. परीक्षा सोपी आहे. सॅनिटायझरची उघडी बाटली मीटरपासून हातभर अंतरावर ठेवा आणि तुम्ही लांब जा. आकडा झपकन चढला तर हा मीटर वायुवीजनाच्या कामाचा नाही. तो बाजूला ठेवा, त्यावर पुढचा कुठलाही निर्णय घेऊ नका.

खरा सेन्सर बहुधा एनडीआयआर प्रकारचा असतो. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषतो, आणि किती प्रकाश गायब झाला ते मोजून सेन्सर प्रमाण काढतो. सेन्सएअर एस८ किंवा एमएच-झेड१९बी हे असे आहेत. एससीडी४१ हाच शोषणाचा गुण वापरतो, पण प्रकाशाऐवजी त्यातून उमटणारा सूक्ष्म आवाज टिपतो. हे सगळे कामाला चांगले. यांच्यातली एक सोय मात्र वारंवार घोटाळा करते, तिच्यावर थोडा वेळ घालवायला हवा.

काळ जाईल तसं सेन्सरचं शून्य सरकतं. म्हणून त्यात आपोआप कॅलिब्रेशन असतं. ठरावीक काळात दिसलेलं सगळ्यांत कमी रीडिंग म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं तो गृहीत धरतो आणि त्याला ४०० मानून सगळी पट्टी सरकवतो. हा काळ बहुतेक सेन्सरमध्ये साधारण आठवड्याचा असतो, एमएच-झेड१९बीमध्ये २४ तासांचा. रात्री रिकामं राहणारं ऑफिस असेल तर हे छान चालतं. पण खोली कधीच रिकामी होत नसेल, म्हणजे रुग्णालयाचा वॉर्ड, वसतिगृह, तीन पाळ्यांची कंट्रोल रूम, किंवा दारं-खिडक्या कायम बंद असलेलं घर, तर तिथली सर्वांत स्वच्छ हवाही ७०० पीपीएमची असू शकते. सेन्सर त्या ७०० ला ४०० समजतो. आता खरे १४०० असताना मीटर ११०० च्या आसपास दाखवेल आणि सगळे समाधानी राहतील. जिथे माणसं जास्त वेळ असतात आणि हवेची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तिथेच मीटर कमी दाखवतो. मला हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत वाईट दोष वाटतो, कारण त्याची तक्रारच कुणी करत नाही. अशा जागी आपोआप कॅलिब्रेशन सेटिंगमधून बंद करा आणि दर दोन-तीन महिन्यांनी मीटर बाहेर नेऊन हाताने कॅलिब्रेट करा.

बाहेरची परीक्षा सगळ्यांनीच करावी. मीटर सावलीत, रस्त्यापासून दूर, उघड्या हवेत अर्धा तास ठेवा आणि त्याच्यावर वाकून बघू नका. सोडलेल्या श्वासात सुमारे ४०,००० पीपीएम असतात, एक फुंकर बसली तरी रीडिंग बिघडतं. बाहेरच्या हवेत आज ४२५ च्या आसपास कार्बन डायऑक्साइड आहे. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा तो सुमारे ३१५ होता. वर्दळीच्या भागात ४५० ते ५०० दिसले तरी नवल नाही. मीटर ४०० ते ४७० मध्ये बसला तर ठीक. ३४० किंवा ६०० दाखवत असेल तर कॅलिब्रेट करा, मगच पुढे वाचा. डोंगरावर राहत असाल तर उंचीचं सेटिंगही तपासा. सेन्सर वायूचे रेणू मोजतो, आणि १५०० मीटरवर हवाच सहाव्या हिश्श्याने विरळ असते, त्यामुळे दाबाची दुरुस्ती नसलेला मीटर तेवढंच कमी दाखवतो.

मीटरची जागाही बघून घ्या. माणसाच्या तोंडासमोर हातभर अंतरावर टेबलावर ठेवलेला मीटर खोलीचं नाही, त्या माणसाचं रीडिंग देतो. खिडकीच्या चौकटीवर, दाराजवळ, एसीच्या झोतात ठेवलेला उलट कमी दाखवतो. बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, कुणापासूनही निदान दीड मीटर लांब, आतल्या भिंतीवर ही ठीक जागा. हा वायू हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो असं बरेच जण सांगतात. माणसं वावरत असलेल्या खोलीत तसं होत नाही, तो सगळीकडे मिसळतो.

भिंतीत पक्का बसवलेला सेन्सर कायम कमी दाखवत असेल तर त्याचं झाकण काढा आणि मागे बघा. वायर आणणारी कॉन्ड्युट पाइप तिथे उघडी असते. त्या पाइपमधून छताच्या पोकळीतली किंवा शेजारच्या शाफ्टमधली हवा बारीक झुळकेसारखी सेन्सरच्या पाठीवर येत राहते, आणि सेन्सर खोलीची नव्हे, त्या पोकळीची हवा मोजतो. ओलं बोट पाइपच्या तोंडाशी धरलं की झुळूक जाणवते. थोडी पुट्टी किंवा सिलिकॉन भरलं की काम झालं. महिनोन्महिने सुटत नसलेलं कोडं कधी कधी एवढ्यावर सुटतं.

ग्राफ काय सांगतो

मीटर विश्वासाचा ठरला की ग्राफकडे वळा. चढ, सपाट भाग आणि उतार, प्रत्येक वेगळी गोष्ट सांगतो.

समजा ६० घनमीटरची मीटिंग रूम आहे आणि ८ माणसं आत शिरली. ती मिळून तासाला १४४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणजे पूर्ण बंद खोलीत आकडा मिनिटाला ४० पीपीएमने चढतो. आता तीच खोली घ्या, पण माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा येतेय असं धरा. सुरुवातीची काही मिनिटं दोन्ही ग्राफ जवळजवळ सारखे चढतात. अर्ध्या तासाने मात्र बंद खोली १६०० ओलांडते आणि हवेशीर खोली ९०० च्या अलीकडे स्थिरावू लागते. म्हणून पहिल्या पाच-दहा मिनिटांचा चढ बघून घाबरू नका. तो फक्त माणसं किती आणि खोली केवढी एवढंच सांगतो. चढ अपेक्षेपेक्षा खूप जास्त असेल तर माणसांखेरीज दुसरं काही तरी तो वायू सोडतंय, त्याकडे पुढे येतो.

आकडा जिथे स्थिरावतो तिथे सर्वांत उपयोगी हिशेब मिळतो. ५००० ला ‘स्थिरावलेला आकडा वजा बाहेरचा आकडा’ याने भागा. उत्तर म्हणजे माणशी सेकंदाला किती लिटर ताजी हवा मिळतेय ते. आतला आकडा १४२० वर थांबला, बाहेर ४२०, तर ५००० भागिले १००० म्हणजे माणशी ५ लिटर. ९२० वर थांबला तर १० लिटर. २४२० वर थांबला तर अडीच. हा हिशेब बसून काम करणाऱ्या प्रौढांचा आहे, व्यायामशाळेत किंवा लहान मुलांच्या वर्गात जसाच्या तसा चालणार नाही. आणि आकडा खरोखर सपाट झालेला हवा. तासाला एकदा हवा बदलणाऱ्या, म्हणजे तासाभरात स्वतःच्या आकारमानाइतकी बाहेरची हवा मिळणाऱ्या खोलीत सपाट व्हायला तीनेक तास लागतात. पाऊण तासाच्या मीटिंगमध्ये १३०० दिसले म्हणून १३०० हीच त्या खोलीची मर्यादा असं समजू नका. दोन मीटिंग पाठोपाठ ठेवल्या की खरं रूप दिसतं. ‘कधी ठीक असतं, कधी खूप चढतं’ अशा तक्रारीमागे बहुधा इतकंच असतं.

माणसं निघून गेल्यावरचा उतार मला सर्वांत आवडतो, कारण त्यात माणसांचा अंदाज करावा लागत नाही. बाहेरच्यापेक्षा जास्त असलेला भाग निम्मा व्हायला किती वेळ लागतो ते बघा. संध्याकाळी १६०० वर सगळे गेले, बाहेर ४२०, म्हणजे जास्तीचे ११८०. त्याचे निम्मे ५९०, म्हणजे मीटरवर १०१० यायला किती मिनिटं लागली? ०.६९ ला त्या वेळेने, तासांत मांडून, भागा. ४० मिनिटं लागली तर हवा तासाला एकदाच बदलतेय. १० मिनिटं लागली तर चारदा. सव्वादोन तास लागले तर खोली जवळपास बंद डबा आहे. ही मोजणी खिडक्या बंद ठेवून, खिडकी उघडून, एक्झॉस्ट चालू करून, अशी वेगवेगळ्या दिवशी करा आणि लिहून ठेवा. पुढची प्रत्येक दुरुस्ती लागू पडली की नाही ते याच मिनिटांवरून ठरवायचं आहे.

सकाळच्या पहिल्या आकड्याकडेही दुर्लक्ष नको. संध्याकाळी सहाला १८०० आणि सकाळी सहाला अजून ८४० असतील, तर रात्रभरात दर तासाला खोलीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी हवा बदलली. लोक आत यायच्या आधीच ४२० चं ओझं शिल्लक आहे. इथे पंखा बदलायची गरज नसते, तो लोक येण्याच्या तासभर आधी सुरू करायला हवा.

किती आकडा चालेल

१००० ही रेघ सगळीकडे ओढलेली दिसते. तिचा उगम जुना आहे. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये बंद खोल्यांच्या हवेवरच्या अभ्यासात हे प्रमाण सुचवलं. १००० ला हा वायू विषारी होतो असं त्याचं म्हणणं नव्हतं. माणसांच्या शरीरातून हवेत काय काय मिसळतंय याची ती खूण, असं तो मानत होता. आजही अर्थ तोच आहे. कामाच्या जागी आठ तासांसाठीची प्रचलित मर्यादा ५००० पीपीएम आहे, आणि वायुवीजनाचं अमेरिकी मानक अ‍ॅशरे ६२.१ कार्बन डायऑक्साइडची मर्यादा घालतच नाही, ते हवेचा प्रवाह ठरवतं.

माझं मत असं: ऑफिस आणि वर्गासाठी ८०० ते १००० हे लक्ष्य ठेवा, १४०० च्या वर रोज जात असेल तर दुरुस्ती टाळू नका. १२०० म्हणजे तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक श्वासातला सुमारे २ टक्के भाग खोलीतल्या कुणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. खोकणाऱ्या मुलांनी भरलेल्या वर्गात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुपारी पेंगणाऱ्या मुलांना ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी बसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. आधी त्या खोलीचा ग्राफ काढा.

एक उलटी बाजूही आहे. आकडा कमी म्हणजे हवा स्वच्छ असं होत नाही. नव्या फर्निचरच्या वाफा, धूळ, कार्बन मोनॉक्साइड यांतलं काहीच हा मीटर पकडत नाही.

हवा आत येतच नाही

छोट्या जागांत दोष बहुतेक इथेच सापडतो. एक्झॉस्ट फॅन गरगर फिरतोय, आवाज करतोय, आणि उताराची मिनिटं तीच. टिश्यू पेपरचा तुकडा पंख्याच्या जाळीजवळ धरा. दार बंद असताना कागद लटकतो आणि दार चार बोटं उघडताच जाळीला चिकटतो, असं झालं तर पंखा चांगला आहे, त्याला ओढायला हवाच मिळत नाहीये. दाराखालची फट वाढवा, दारात जाळी बसवा, किंवा पंख्याच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोका काढा. समोरच्या, हे महत्त्वाचं. पंख्याशेजारचीच खिडकी उघडली तर ताजी हवा तिथून शिरून तिथूनच बाहेर पडते आणि खोलीचं दुसरं टोक कोंदटच राहतं. मीटर दोन्ही टोकांना ठेवून बघितलं की फरक दिसतो.

एकाच भिंतीतल्या एका खिडकीचा भरवसा धरू नका. वारा पडलेला असेल आणि आतबाहेर तापमान सारखं असेल तर ती उघडी असूनही हवा हलत नाही. समोरासमोर दोन वाटा हव्यात, निदान दार आणि खिडकी. तेही शक्य नसेल तर टेबल फॅन खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा, हवा बाहेर फेकली की आत यायला ती वाट शोधते.

झोपायच्या खोलीचं गणित वेगळं. ३६ घनमीटरच्या खोलीत दोन झोपलेली माणसं तासाला सुमारे २६ लिटर वायू सोडतात. खोली हवाबंद असती तर दर तासाला ७२० पीपीएम वाढले असते. फटींमुळे तेवढे होत नाहीत, पण पहाटे अडीच हजार दिसणं सर्रास आहे. इथे सर्वांत सोपा उपाय आतलं दार उघडं ठेवण्याचा. बाकीचं घर रिकामं असतं, त्याची हवा कामी येते. खिडकी दोन बोटं उघडी ठेवता आली तर फारच उत्तम.

डक्ट असलेल्या इमारती

इथे कागदावर सगळं ठीक असतं. फ्रेश एअर डॅम्पर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, ४० टक्के उघडा असं कंट्रोल यंत्रणेची स्क्रीन सांगते. तुम्ही स्वतः एएचयू रूममध्ये, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणारं यंत्र असतं त्या खोलीत, जाऊन तो बघा. डॅम्पर फिरवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची मोटर फिरते, दांडाही फिरतो, पण दांड्याला धरणारा क्लॅम्प ढिला झालेला असतो आणि आतली पाती बंदच राहतात. स्क्रीनला मोटरची स्थिती कळते, पात्यांची नाही. दांड्याच्या टोकावर पात्यांची दिशा दाखवणारी खाच असते. टॉर्च मारून ती बघा, मार्करने खूण करा, मग कुणाला तरी स्क्रीनवरून डॅम्पर उघडायला सांगा. खूण हलली नाही तर दोष हाती आला. याच फेरीत बाहेरच्या जाळीवर साचलेला कचरा, काळा पडलेला फिल्टर आणि घसरणारा पट्टाही बघून होतो. नुकतंच वायरिंगचं काम झालं असेल तर पंख्याची दिशाही तपासा. थ्री फेजमधल्या दोन वायरी उलटल्या की सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरतो, तरी हवा त्याच दिशेने देत राहतो, फक्त बरीच कमी. म्हणून ते लक्षात येत नाही.

वीजबचतीसाठी कुणीतरी डॅम्पर मुद्दाम बंद केलेला असणं हेही फार आढळतं. वाद घालायच्या ऐवजी मोजून दाखवा. एकच मीटर घेऊन रिटर्न ग्रिल (खोलीतली हवा परत ओढणारी जाळी), सप्लाय ग्रिल (डक्टची हवा खोलीत सोडणारी जाळी) आणि बाहेर अशी तीन रीडिंग घ्या. रिटर्न १२००, सप्लाय १०४०, बाहेर ४२० असतील, तर रिटर्न आणि सप्लायमधला फरक १६०, रिटर्न आणि बाहेरचा फरक ७८०. भागाकार ०.२, म्हणजे डक्टमधून येणाऱ्या हवेत ताजी हवा पाचवा हिस्सा. सप्लाय आणि रिटर्न सारखेच आले तर ताजी हवा शून्य, मग स्क्रीन काहीही म्हणो. इमारत रिकामी असताना सप्लायला ६०० दिसले तर हवा घ्यायची जागा पार्किंगवर, जनरेटरच्या धुराड्याशेजारी किंवा स्वतःच्याच एक्झॉस्टसमोर आहे का ते गच्चीवर जाऊन बघा. धूर आत येत असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो. हे काम त्याच दिवशी करायचं.

टायमर पटकन तपासून टाका. वीज गेल्यानंतर घड्याळ मागे पडलेलं असतं आणि यंत्रणा लोक आल्यावर दोन तासांनी सुरू होते.

सेन्सरवर आपोआप चालणारा पंखा

यात तक्रार दोन तऱ्हेची. पहिली, पंखा सारखा चालू-बंद होतो. १००० ला सुरू आणि ९५० ला बंद असं सेटिंग असेल तर होणारच, कारण सेन्सरला एक-दोन मिनिटं आणि खोलीतली हवा मिसळायला दहा मिनिटं लागतात. शक्य असेल तर वेग हळूहळू वाढू द्या: ८०० ला किमान, १२०० ला पूर्ण. फक्त चालू-बंदच जमत असेल तर ९०० ला सुरू, ६५० ला बंद आणि किमान पंधरा मिनिटं चालूच. ८०० च्या खालीही पंखा अगदी शून्यावर नेऊ नका. फर्निचर आणि रंग यांच्या वाफा माणसं नसतानाही निघत असतात.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. स्क्रीनवर ८००, आणि एका खोलीत लोक गुदमरतायत. सेन्सर कॉमन रिटर्न डक्टमध्ये आहे. एका खोलीत २०००, चार रिकाम्या खोल्यांत ५००, सगळ्यांची हवा सारखी मिसळली की सरासरी येते बरोबर ८००. यंत्रणेला सगळं आलबेल दिसतं. यावर सेटिंगचा इलाज नाही. गर्दी होणाऱ्या प्रत्येक खोलीत स्वतंत्र सेन्सर बसवा आणि यंत्रणेला सरासरीऐवजी त्यातला सर्वांत मोठा आकडा द्या.

माणसं नसताना किंवा मोजकी असताना चढणारा आकडा

जळणारी ज्योत शोधा. दोन किलोवॉटचा गॅस बर्नर दहा-बारा माणसांइतका कार्बन डायऑक्साइड सोडतो. धुराड्याविना चालणारा हीटर, गॅस गीझर, शेजारच्या पॅन्ट्रीतला बर्नर यांच्या वेळा ग्राफवर मांडल्या की चढाशी जुळतात. ज्योत आहे तिथे कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म हवाच. ज्योत नसेल तर शेजारच्या गर्दीच्या खोलीतून छतावरच्या पोकळीतून हवा येत असेल. ती खोली रिकामी असलेल्या दिवसाचा ग्राफ बघितला की उलगडा होतो.

बाहेरची हवाच खराब असेल तर

धुराच्या किंवा धुळीच्या दिवशी खिडक्या सताड उघड्या ठेवा असं मी सांगणार नाही. त्या काही तासांपुरते आत १२००-१४०० चालवून घ्या, प्युरिफायर लावा, खोलीत माणसं कमी बसवा, आणि बाहेरची हवा त्यातल्या त्यात बरी असेल त्या वेळी दहा मिनिटं सगळं उघडून खोली धुऊन काढा. हे रोजचंच असेल तर फिल्टर लावलेला, हवा आत ढकलणारा पंखा बसवणं हाच टिकाऊ उपाय.

कुठलीच वाट नसलेली खोली

उघडणारी खिडकी नाही, डक्ट नाही, फक्त स्प्लिट एसी. अशा खोलीत पंखा बसवायचाच आहे, तर केवढा ते आधी काढा. आपल्या ८ माणसांच्या ६० घनमीटर खोलीला माणशी १० लिटर धरले तर सेकंदाला ८० लिटर, तासाला २८८ घनमीटर हवा हवी. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि डक्टची वळणं लागली की तो बराच घटतो. म्हणून निदान दीडपट मोठा घ्या, डक्ट शक्य तितका सरळ आणि आखूड ठेवा, आणि दुसऱ्या टोकाला हवेच्या ये-जा करण्याची वाट मोकळी सोडा.

बसवून झाल्यावर उताराची मोजणी पुन्हा करा. २८८ घनमीटर खरोखर मिळत असतील तर हवा तासाला जवळजवळ पाचदा बदलेल आणि जास्तीचा भाग नऊ मिनिटांच्या आसपास निम्मा होईल. वीस मिनिटं लागत असतील तर ठरवलेल्या हवेच्या निम्मीसुद्धा हवा मिळत नाहीये. दार बंद करून टिश्यू पेपर पुन्हा जाळीशी धरा, आणि कागद लटकला तर आधी आत येणाऱ्या हवेची वाट मोठी करा. पंख्याला नंतर हात लावा.